मणक्यांमधल्या गादीचे वय

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या कमरेचा एमआरआय काढला की रिपोर्टात 'डेसिकेशन', 'डिजनरेशन' आणि 'बल्ज' हे शब्द बहुधा असतातच. म्हणजे गादी सुकली, झिजली आणि थोडी बाहेर फुगली. माहीमला वीर सावरकर मार्गावर हिंदुजा हॉस्पिटल आहे. तिथून शिवाजी पार्क, दादरपर्यंत आणि आतल्या बाजूला एल. जे. रोडवर हाडांच्या डॉक्टरांचे दवाखाने आणि फिजिओथेरपीच्या खोल्या ठिकठिकाणी आहेत. या पट्ट्यात फिल्मचे मोठे पाकीट काखेत धरून चालणारी माणसे कोणत्याही संध्याकाळी दिसतात. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत त्यांनी रिपोर्ट स्वतःच वाचलेला असतो. पुष्कळांनी तर वाकणे, बादली उचलणे, नातवाला कडेवर घेणे तेव्हाच सोडून दिलेले असते. ही भीती मला कमरेच्या दुखण्याइतकीच वाईट वाटते. गादी म्हातारी होते म्हणजे आत नेमके काय घडते, ते कधी सुरू होते आणि त्यातला आजार किती, हे कळले तर त्या पाकिटाचे ओझे बरेच हलके होईल.

मानेच्या दुसऱ्या मणक्याखालून सुरुवात करून कमरेच्या तळाच्या त्रिकास्थीपर्यंत अशा २३ गाद्या असतात. कण्याच्या एकूण लांबीचा जवळपास चौथा हिस्सा त्यांचाच. कमरेतली एक गादी साधारण एक सेंटीमीटर जाड आणि चार-पाच सेंटीमीटर रुंद असते. तिच्या मध्यभागी मऊ, ओलसर गर असतो, त्याला न्यूक्लियस पल्पोसस म्हणतात. गराभोवती चिवट तंतूंचे कडे असते, ते ॲन्युलस फायब्रोसस. वर आणि खाली, हाडाला लागून, एक मिलिमीटरहून कमी जाडीची कूर्चेची चकती असते. या चकतीकडे रुग्णांचे लक्ष कधीच जात नाही, रिपोर्टातही ती क्वचितच येते. पण गादीचे आयुष्य बरेचसे तिच्यावर अवलंबून आहे.

कड्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. त्यात कोलॅजेनच्या तंतूंचे १५ ते २५ थर एकाभोवती एक असतात. एका थरातले तंतू आडव्या पातळीशी सुमारे ३० अंशांनी तिरके उजवीकडे जातात, पुढच्या थरातले तितकेच तिरके डावीकडे. थरांच्या मधून इलास्टिनचे बारीक धागे गेलेले असतात. ताण सुटल्यावर थर पुन्हा जागेवर येतात ते या धाग्यांमुळे. माणूस कमरेतून पिळवटून वळतो तेव्हा एका दिशेचे तंतू ताणले जातात आणि उलट्या दिशेचे सैल पडतात, म्हणजे भार निम्म्या थरांवरच येतो. वाकून, वर कंबर वळवून जड वस्तू उचलू नका असे फिजिओथेरपिस्ट सांगतात ते याचसाठी. कड्याचे बाहेरचे तंतू थेट हाडात रुतलेले असतात, त्यामुळे गादी सरकते असे म्हणण्याची पद्धत असली तरी अख्खी गादी कुठे जात नाही. कड्याला मागच्या बाजूने चीर पडते आणि आतला गर तिच्यातून बाहेर येतो, एवढेच घडते.

गराचा सगळा जोर पाण्यात आहे. तान्ह्या मुलाच्या गादीच्या गरात ८० ते ९० टक्के पाणी असते, म्हातारपणी ते ७० टक्क्यांच्या आसपास येते. आकड्यांतला फरक फार मोठा नाही, पण पाणी किती आहे यापेक्षा ते किती घट्ट धरलेले आहे याला जास्त महत्त्व आहे. ते धरण्याचे काम ॲग्रिकॅन नावाचा अवाढव्य रेणू करतो. प्रथिनाच्या लांब दांडीवर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट आणि केराटन सल्फेट या शर्करांच्या असंख्य साखळ्या, अशी त्याची रचना. या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. तो सोडियमचे धनभारित कण ओढून घेतो आणि सोडियमच्या पाठोपाठ पाणी आत येते. फालुद्यातला सब्जा भिजल्यावर प्रत्येक दाण्याभोवती पाण्याचे बुळबुळीत कवच तयार होते आणि बोटाने दाबले तरी ते पाणी सहजी सुटत नाही. गादीचा गरही पाणी असेच धरतो. मात्र सब्ज्याला फुगायला अख्खा ग्लास मोकळा मिळतो, तर गराला चारी बाजूंनी कड्याने आणि वर-खाली चकत्यांनी कोंडलेले असते. फुगण्याची त्याची ओढ मग दाबाच्या रूपाने राहते. शरीराचा भार वरून आला की गर तो सर्व दिशांना सारखा वाटून देतो, कड्याचे तंतू ताणले जातात, आणि भार उतरला की सगळे पूर्ववत होते. तरुण गादीची लवचीकता ती हीच.

एक्स-रेमध्ये गादी दिसतच नाही. दोन मणक्यांमध्ये रिकामी दिसणारी जागा म्हणजेच ती, आणि 'गॅप कमी झालाय' हे निदान त्या जागेवरून होते. एमआरआयमध्ये मात्र गादीचे वय डोळ्यांना दिसते. टी-टू पद्धतीच्या चित्रात पाणी पांढरे उमटते. विशीतल्या माणसाच्या कमरेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, तर मणक्यांच्या करड्या चौकोनांमध्ये लख्ख पांढरे लंबगोल दिसतात आणि त्यांच्याभोवती कड्याची काळी किनार. तिशीच्या आसपास त्या पांढऱ्यातून एक आडवी करडी रेघ जाऊ लागते. गरात तंतू जमू लागल्याची ती खूण, त्यात काळजीचे काही नाही. पुढे पांढरा रंग राखाडी होतो, गर कुठे संपतो आणि कडे कुठे सुरू होते हे कळेनासे होते. सहसा सगळ्यांत खालच्या दोन गाद्या आधी मळकट दिसू लागतात, कारण कमरेतला सगळ्यात जास्त भार आणि सगळ्यात जास्त वाक तिथेच असतो. शेवटी एखादी गादी पूर्ण काळी आणि चपटी झालेली दिसते. २००१ साली स्विस रेडिओलॉजिस्ट ख्रिश्चन फिरमान आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या प्रवासाच्या पाच पायऱ्या ठरवल्या. आपल्याकडच्या रिपोर्टांतही 'फिरमान ग्रेड ३', 'ग्रेड ४' असे लिहून येते ते त्यावरूनच. ही श्रेणी चित्राची आहे, दुखण्याची नाही. ग्रेड ४ ची गादी घेऊन रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारणारी माणसे असतात आणि ग्रेड २ मध्ये अंथरुणाला खिळलेलीही.

हा बदल म्हातारपणी सुरू होतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो शाळेच्या वयात सुरू होतो. तान्ह्या मुलाच्या गादीच्या गरात नोटोकॉर्डच्या मोठमोठ्या पेशी असतात. गर्भात ज्या दांडीभोवती कणा घडतो तिचा हा अवशेष, आणि पाणी धरणारे रेणू बनवण्यात या पेशी फार तरबेज. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत त्या जवळजवळ नाहीशा होतात आणि त्यांची जागा कूर्चेसारख्या लहान पेशी घेतात. लहानपणी कूर्चेच्या चकतीत बारीक रक्तवाहिन्याही असतात, त्याही हळूहळू बुजतात. दुसऱ्या दशकात, म्हणजे मूल आठवी-नववीत असतानाच, गादीत सूक्ष्म चिरा आणि पेशी मरण्याच्या खुणा आढळल्या आहेत. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तवाहिनी नसलेला इतका मोठा दुसरा अवयव नाही. गराच्या मध्यभागी असलेली पेशी आणि जवळची केशवाहिनी यांत सहा ते आठ मिलिमीटर अंतर असते. शरीरात इतरत्र पेशींना इतक्या लांबून अन्न आणावे लागत नाही.

हे अन्न चकतीच्या छिद्रांतून झिरपून येते. त्याला किती वेळ लागतो हे कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या डॉ. एस. राजशेखरन यांनी मोजून दाखवले. जिवंत माणसांच्या शिरेत रंगद्रव्य टोचून ते गादीत कसे पोहोचते याचे टप्प्याटप्प्याने एमआरआय त्यांनी काढले. मणक्याच्या हाडात रंगद्रव्य काही मिनिटांत पोहोचले, गराच्या मध्यापर्यंत पुरते जायला मात्र सुमारे सहा तास लागले. चकती जिथे तुटलेली होती तिथे झिरपण्याची पद्धतच बिघडलेली होती. २००४ साली या कामाला कण्याच्या संशोधनातले मानाचे आयएसएसएलएस पारितोषिक मिळाले. एवढे महत्त्वाचे काम भारतात झाले हे आपल्या वाचकांना क्वचितच माहीत असते, म्हणून मुद्दाम सांगितले.

अन्न मंद, तसाच कचराही मंद निघतो. गराच्या पेशी जवळजवळ प्राणवायूशिवाय जगतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. आम्ल साठले की पेशी मंदावतात, काही मरतात. मुळातच गराच्या आकारमानात पेशींचा वाटा एखाद्या टक्क्याचा. उरलेल्या ९९ टक्क्यांची डागडुजी या मूठभर पेशींनी करायची. ॲग्रिकॅनचा निम्मा साठा नवा व्हायला साधारण १२ वर्षे लागतात. कोलॅजेनच्या बाबतीत तोच हिशेब शतकाच्या घरात जातो. म्हणजे विशीत तयार झालेला तंतू बहुतांशी आयुष्यभर तोच राहतो. इतक्या दीर्घ मुदतीत रक्तातली साखर कोलॅजेनला चिकटत जाते आणि शेजारच्या तंतूंना एकमेकांशी सांधून टाकते. सांधलेले तंतू ताठ आणि ठिसूळ होतात. मुलाची गादी कापून पाहिली तर गर मोत्यासारखा पांढुरका असतो, सत्तरीतल्या माणसाची पिवळट तपकिरी. तो रंग या सांधणीचा आहे.

इकडे ॲग्रिकॅनचे तुकडे होतात, विद्युतभार घटतो, पाणी धरण्याची ताकद ओसरते. गरात तंतू वाढतात आणि तो कड्यासारखाच कोरडा, चिवट होऊ लागतो. भार सगळीकडे सारखा वाटला जाणे मग थांबते. तरुण गादीत कुठेही मोजले तरी दाब एकच येतो. म्हाताऱ्या गादीत तो कड्याच्या मागच्या भागात साठतो, मध्ये ओसरतो. कडे मुळात ताण सोसायला बनलेले, त्यावर आता थेट चेपण्याची वेळ येते, म्हणून थर आतल्या बाजूने दुमडतात आणि चिरतात. गादीची उंची कमी झाली की मणक्यांच्या मागचे लहान सांधे एकमेकांवर टेकतात आणि त्यांनाही झीज लागते. मणक्याच्या कडेला हाडाची चोच वाढते ती याच काळात. भाराखाली गादीने हळूहळू दबत जाणे हे तरुण गादीतही होतेच, झिजलेल्या गादीत ते लवकर आणि जास्त होते. लवचीकता गेली म्हणजे गादी एकदम दगडासारखी होते असे मुळीच नाही. आधी ती ढिली पडते, दोन मणके एकमेकांवर थोडे डुलतात, आणि फार पुढे जाऊन ती ताठरते. कॅनडातले शल्यचिकित्सक किर्कल्डी-विलिस यांनी या तीन टप्प्यांचे वर्णन केले: आधी बिघाड, मग अस्थिरता, मग पुन्हा स्थिरता. त्यातला शेवटचा टप्पा फारसा कोणी सांगत नाही. त्याकडे नंतर येतो.

लवचीकतेचा एक प्रयोग रोज आपल्यावरच होत असतो. रात्रभर आडवे झाल्यावर गाद्यांवरचा भार उतरतो, त्या पाणी ओढून फुगतात. सकाळी उठलेला माणूस रात्रीपेक्षा सुमारे एक टक्का उंच असतो, म्हणजे दीड-पावणेदोन सेंटीमीटर. यातली निम्मी उंची उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच जाते. झिजलेल्या गादीत हा चढउतार कमी होतो. या फुगलेल्या अवस्थेत एक धोका आहे. ब्रिटनमधल्या ॲडम्स, डोलन आणि हटन यांनी १९८७ साली दाखवले की पहाटे, गादी पाण्याने टम्म असताना पुढे वाकले, तर तिच्यावर येणारा वाकण्याचा ताण दिवसाच्या मानाने ३०० टक्क्यांनी जास्त असतो. अमेरिकेत स्नूक आणि सहकाऱ्यांनी जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना उठल्यावर पहिले दोन तास वाकणे टाळायला शिकवले, त्यांच्या दुखण्याचे दिवस कमी झाले.

आता मुंबईतली पहाट डोळ्यांसमोर आणा. माहीमच्या कोळीवाड्यात, कापड बाजाराच्या मागच्या चाळींत, दादर-परळच्या जुन्या इमारतींत नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येते आणि पुष्कळ ठिकाणी ती वेळ पहाटेचीच. बाई अंथरुणातून उठते ती थेट मोरीत जाते. नळ खाली, त्याच्याखाली हंडा, मग कळशी, मग वीस लिटरचा कॅन. भरलेला कॅन कंबरेतून वाकून, जरा वळून उचलायचा आणि पिंपात ओतायचा. गादीच्या दृष्टीने दिवसातली सगळ्यात वाईट वेळ, सगळ्यात वाईट हालचाल आणि वर वीस किलो. जर्मनीतल्या उल्म इथे हान्स-योआखिम विल्के यांनी एका ४५ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाब मोजणारी सुई बसवून दिवसभर नोंदी घेतल्या. १९९९ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. आडवे पडल्यावर दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो, उभे राहिल्यावर पाच. वीस किलोची पेटी पाठ गोल करून उचलली तेव्हा तो तेवीसवर गेला. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलली तेव्हा सतरा. पेटी अंगाशी घट्ट धरली तेव्हा अकरा. आणि रात्री सात तास झोपेत, काहीच न करता, त्याच गादीतला दाब एकपासून जवळजवळ अडीचपर्यंत वाढला, निव्वळ पाणी ओढून घेतल्याने.

पाण्याची वेळ बाई बदलू शकत नाही, नळ थोडा उंच करता येतो. हंडा जमिनीवर न ठेवता फळीच्या स्टुलावर ठेवला, वीसच्या कॅनऐवजी दहाचे दोन घेतले, आणि पहिला हंडा लावण्याआधी घरात पाच-दहा मिनिटे चालून घेतले, तर गादीला त्याचा उपयोग आहे. महागड्या गाद्या-उशांच्या जाहिराती पुष्कळ येतात. मोरीतल्या नळाची उंची या विषयावर मात्र कुणी काही बोलत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग कष्टाची कामे करणाऱ्यांच्या गाद्या लवकर झिजतात का? वाटते तसे सरळ उत्तर नाही. भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेऊन डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर पाटी ठेवून चालणारी कोळीण पाहा. पाठ ताठ, मान ताठ, नजर समोर. कमरेवर भार सरळ उभा येतो, वाकून नाही, हे चांगले. मानेच्या गाद्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागते: आफ्रिकेत डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांच्या एक्स-रेंत मानेच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा जास्त आणि लवकर दिसली. पाठीवर पोती वाहणाऱ्यांचे दुःख वेगळे. हमालांच्या चळवळीने शंभर किलोचे पोते पन्नासवर आणा ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, अण्णासाहेब पाटलांच्या संघर्षातून १९६९ चा माथाडी कायदा आला. कण्याच्या आरोग्यासाठी महाराष्ट्रात झालेल्या सगळ्यात मोठ्या कामांत मी ती मागणी धरतो, मग तिच्यामागे एमआरआय नसला तरी.

१९६५ साली कॅनडातले फार्नी आणि ट्रूमन यांनी पश्चिम-मध्य भारतातल्या भिल्लांच्या कण्याचे एक्स-रे काढून उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या लोकांशी ताडून पाहिले. भिल्लांमध्ये वयाबरोबर गादीची जागा अरुंद होण्याचे प्रमाण फारच कमी निघाले. त्यांनी श्रेय दिले ते उकिडवे बसण्याच्या सवयीला. आपल्याकडे हा दाखला अभिमानाने सांगितला जातो, पण तो जपून घ्यावा. उकिडवे बसणे, रोज मैलोन्मैल चालणे, आहार आणि वंश या सगळ्या गोष्टी त्यात एकत्र मिसळलेल्या आहेत.

वंशाचा भाग किती मोठा आहे ते फिनलंडमधल्या जुळ्यांनी दाखवले. मिशेल बॅटी, टापिओ विडेमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ११५ एकसारख्या जुळ्या पुरुषांच्या जोड्यांचे एमआरआय तपासले. एक भाऊ जंगलात लाकूडतोडीच्या कामाला, दुसरा टेबलाशी बसणारा, अशाही जोड्या त्यांच्या हाती होत्या. कमरेच्या वरच्या गाद्यांच्या झिजेत माणसामाणसांत जो फरक होता, त्यातला फक्त ७ टक्के कामाच्या ओझ्याने उलगडला. वय मिळवल्यावर १६ टक्के. घराणे, म्हणजे जनुके आणि एकत्र गेलेले बालपण, धरल्यावर ७७ टक्के. तळाच्या दोन गाद्यांत घराण्याचा वाटा कमी, तरी ओझ्यापेक्षा कितीतरी जास्त. सिगारेटचा परिणाम या जुळ्यांत दिसला होता, पण माफकच. कष्टांमुळे कंबर दुखत नाही असा याचा अर्थ नव्हे. स्नायू, अस्थिबंध, थकवा हे सगळे दुखतेच. पण रिपोर्टात 'डिजनरेशन' आले म्हणून आपण आयुष्यभर काहीतरी चुकीचे वागलो असे मानून झुरत बसणाऱ्याला, जबाबदारीचा मोठा वाटा आईवडिलांकडून आलेल्या बांधणीचा आणि बालपणाचा आहे, हे सांगायला हवे.

गादीचा गर चिरेतून बाहेर येऊन नस दाबली जाण्याचे प्रकार म्हातारपणी जास्त असतील असा समज आहे. ते सगळ्यात जास्त होतात तिशी ते पन्नाशीत. कारण त्या वयात कड्याला चिरा पडू लागलेल्या असतात आणि गरात अजून पाणी आणि दाब शिल्लक असतो. ऐंशीतल्या सुकलेल्या गराला बाहेर यायला जोरच नसतो. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी पायात जाणाऱ्या कळेचे कारण असा बाहेर आलेला गर आहे हे दाखवले, आणि पुढची कित्येक दशके तो कापून काढणे हाच उपाय मानला गेला. नंतर कळले की बाहेर आलेल्या गराला रक्तवाहिन्या भेटतात, पांढऱ्या पेशी त्याला परका समजून खातात आणि तो कित्येकदा आपोआप विरून जातो. जितका मोठा तुकडा पूर्ण सुटून बाहेर पडेल, तितकी तो विरण्याची शक्यता जास्त. म्हणून पायातली कळ असह्य नसेल आणि ताकद टिकून असेल, तर सहा आठवडे वाट पाहू म्हणणारा डॉक्टर टाळाटाळ करत नसतो.

आणि आता त्या पाकिटाकडे. २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर माणसांच्या चित्रांचे अभ्यास एकत्र केले. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत. फुगवटा विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. यांपैकी कुणालाही दुखत नव्हते. एवढ्या लोकांत आढळणारी गोष्ट केसांच्या पांढरेपणाइतकीच वयाची खूण आहे, आणि माझे स्पष्ट मत आहे की प्रत्येक रिपोर्टाच्या तळाशी मराठीत एक ओळ छापावी: तुमच्या वयाच्या, कंबर न दुखणाऱ्या किती लोकांत हेच आढळते. काहींना झिजलेली गादीच दुखते हेही खरे आहे. निरोगी गादीत मज्जातंतू फक्त कड्याच्या बाहेरच्या भागात असतात. ब्रिटनमध्ये फ्रीमॉन्ट आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की जुनाट कंबरदुखीच्या काही रुग्णांत ते चिरांवाटे आतपर्यंत शिरतात. चित्रात मात्र अशी गादी आणि न दुखणारी गादी सारख्याच काळ्या दिसतात.

मुंबईत राहताना आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. प्रत्येक कंबरदुखी ही गादीच्या वयाची नसते, कण्याचा क्षय इथे सर्रास आढळतो. जवळपास सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण २०११ च्या अखेरीस वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले ते माहीमच्याच हिंदुजा हॉस्पिटलमधून, डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांकडून. क्षयाचे जंतू मणक्याचे हाड पोखरतात, गादी सुरुवातीला बरीच वाचते, कारण ती विरघळवणारी विकरे या जंतूंकडे नसतात. पू करणाऱ्या इतर जंतूंच्या संसर्गात मात्र गादी आधी जाते. रात्री विश्रांतीतही ठणकणारी पाठ, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे अशी लक्षणे असतील तर मालिश आणि पट्टा यांत महिने घालवू नयेत. दोन्ही पायांतली ताकद जाणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, ही तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठण्याची लक्षणे.

गादीला रक्त नाही, पण हालचालीने येणारा-जाणारा भार तिला हवा असतो. सतत दाबून ठेवलेली गादी उपाशी राहते आणि सतत भाराविना ठेवलेलीही सुस्तावते. म्हणूनच आठ तास खुर्चीत एकाच कोनात बसणे आणि कंबर दुखली म्हणून पंधरा दिवस पडून राहणे, दोन्ही तिला मानवत नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात डॅनियल बेलावी आणि सहकाऱ्यांनी नियमित धावणाऱ्यांच्या गाद्या न धावणाऱ्यांपेक्षा जास्त पाणीदार आणि जाड असल्याचे दाखवले. झपझप चालणे आणि सावकाश धावणे यांतून बसणारे हादरे गादीला सर्वांत मानवणारे ठरले. माहीमच्या समुद्रकिनाऱ्यावर किंवा शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती अर्धा तास भरभर चालणाऱ्यांना हे मशीनशिवाय मिळते.

राहिला किर्कल्डी-विलिस यांचा तिसरा टप्पा. साठी-पासष्टीनंतर पुष्कळांची गादी तंतुमय, ताठ होते, कडेच्या हाडाच्या चोची दोन मणक्यांना आधार देतात, डुलणे थांबते. पन्नाशीत वारंवार उसण भरणारी माणसे सत्तरीत कंबर बरी आहे म्हणतात, त्यामागे पुष्कळदा हेच असते. वाकणे कमी झालेले असते आणि दुखणेही. ज्यांच्या चोची मागच्या बाजूला वाढून नसांची वाट अरुंद करतात, त्यांना मात्र थोडे चालले की पाय जड होतात आणि पुढे वाकून बसले की बरे वाटते. हे दुखणे वेगळे आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

म्हातारपणी माणूस खुजा होतो त्याचा दोषही गादीवर टाकला जातो. ऑस्ट्रेलियातल्या ट्वूमी आणि टेलर यांनी शवविच्छेदनात मोजून पाहिले, तेव्हा वय झालेल्या पुष्कळ गाद्यांची जाडी मध्यभागी टिकून, कधी वाढलेलीसुद्धा होती. हाडे पोकळ झाल्याने मणक्यांचे पृष्ठभाग आत खचतात आणि गादी त्या खळग्यात पसरते. उंची जाते ती बरीचशी हाडांमधून. म्हणून साठीनंतर वर्षातून एकदा, दिवसाच्या ठरावीक वेळी, भिंतीला टाच लावून उंची मोजून लिहून ठेवावी. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त घट झाली असेल, तर मणका आत चेपला गेला आहे का हे एक्स-रेने पाहून घ्यावे आणि हाडांच्या घनतेची तपासणी करावी. पुष्कळदा असा मणका न दुखता चेपलेला असतो, आणि तो कळला तर पुढचा मणका वाचवणारी औषधे आज उपलब्ध आहेत.